दिल्लीची विधानसभा : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिल्लीत निवडणूक लागली, किंवा तिथले सरकार आणि केंद्राने नेमलेले नायब राज्यपाल यांच्यात जुंपली, की आमच्याकडे त्याच त्या प्रश्नांचा ओघ सुरू होतो. लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले विचारतात, निवृत्त शिक्षक विचारतात आणि ज्यांची मुले नोकरीसाठी दिल्लीला गेली आहेत असे पालकही विचारतात. नेहमी येणारे प्रश्न येथे उत्तरांसह दिले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दिल्लीला विधानसभा आहे, मुख्यमंत्री आहे. मग दिल्लीला राज्य का म्हणत नाहीत?

कारण राज्यघटनेच्या दृष्टीने दिल्ली हा केंद्रशासित प्रदेशच आहे. १९९१ च्या ६९ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम २३९ एए घातले गेले आणि दिल्लीला ‘राष्ट्रीय राजधानी क्षेत्र’ असे नाव, विधानसभा व मंत्रिमंडळ मिळाले. मात्र केंद्रशासित प्रदेश हा तिचा मूळ दर्जा तसाच राहिला. महाराष्ट्राची विधानसभा आणि दिल्लीची विधानसभा या दोन्ही लोकांनी थेट निवडून दिलेल्या असल्या, तरी कोणत्या विषयावर शेवटचा शब्द कोणाचा, याचे उत्तर दोन्हीकडे निराळे येते. बाकीचे बहुतेक प्रश्न याच फरकातून निघतात.

२. तिथे आमदार किती, राखीव जागा किती आणि मंत्री किती?

सत्तर आमदार. २००८ पासून लागू असलेल्या मतदारसंघ रचनेनुसार त्यांपैकी १२ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. अनुसूचित जमातींसाठी एकही नाही. विधान परिषद नाही. महाराष्ट्राच्या विधानसभेतील २८८ पैकी ४६ जागा मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत आहेत, म्हणजे आपल्या संपूर्ण विभागापेक्षा दिल्लीचे आमदार चोवीसने अधिक आहेत. क्षेत्रफळ पाहिले तर दिल्ली अवघी १,४८३ चौरस किलोमीटर आहे. मराठवाड्यातला सगळ्यात लहान जिल्हाही तिच्याहून मोठा भरेल; पण २०११ च्या जनगणनेत तिथे एक कोटी ६७ लाखांहून अधिक लोक मोजले गेले.

मंत्र्यांची संख्या एकूण सदस्यसंख्येच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, म्हणून मुख्यमंत्री धरून सातच मंत्री होतात. राज्यांसाठी ही मर्यादा पंधरा टक्के आहे. परीक्षेत फसवणारी आणखी एक बाब अशी की दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांची नेमणूक नायब राज्यपाल नव्हे, तर राष्ट्रपती करतात. महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवणारी २०२३ ची १०६ वी घटनादुरुस्ती दिल्लीच्या विधानसभेलाही लागू आहे. तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी जोडलेली आहे. २०२५ च्या निवडणुकीत सत्तरपैकी पाचच महिला निवडून आल्या होत्या आणि त्या पाचांतल्या एक मुख्यमंत्री, तर दुसऱ्या विरोधी पक्षनेत्या झाल्या.

३. दिल्लीच्या सरकारच्या हातात पोलीस नाहीत, हे खरे का?

खरे आहे. राज्यसूचीतील, म्हणजे एरवी राज्यांनी कायदे करायच्या विषयांपैकी, सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि जमीन हे तीन विषय दिल्लीच्या विधानसभेच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. पोलीस केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. जमिनीचा कारभार मुख्यतः दिल्ली विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पर्यायाने केंद्राकडेच आहे. शाळा, दवाखाने, पाणी, वीज, राज्य पातळीवरचे कर अशा विषयांवर विधानसभा कायदे करू शकते. परंतु नवी शाळा बांधायला जागा लागली की ती मागण्यासाठी सरकारला दुसऱ्याच्या दारात जावे लागते. जानेवारी २०१४ मध्ये मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल काही पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई व्हावी या मागणीसाठी रेल भवनाजवळ धरणे धरून बसले होते. आपल्याकडे अनेकांना तो प्रकार चमत्कारिक वाटला. पण ज्या मुख्यमंत्र्याला साध्या ठाणेदाराची बदली करता येत नाही, त्याच्या हाती मागणी करण्यापलीकडे फारसे काही उरत नाही.

४. दिल्लीत पहिली विधानसभा कधी आली?

१९५२ मध्ये. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून हलवण्याची घोषणा झाली आणि पुढच्या वर्षी दिल्ली हा मुख्य आयुक्ताच्या अमलाखालचा स्वतंत्र प्रांत झाला. त्या काळात देशाचे कायदेमंडळ दिल्लीत बसत होते, पण दिल्लीकरांचे स्वतःचे कायदेमंडळ नव्हते. स्वातंत्र्यानंतर दिल्लीचा समावेश ‘क’ वर्ग राज्यांत, म्हणजे केंद्राच्या थेट देखरेखीखालच्या राज्यांत, झाला आणि अशा राज्यांसाठी १९५१ मध्ये केलेल्या कायद्याने तिला विधानसभा मिळाली. सदस्य ४८ आणि मतदारसंघ ४२ होते, कारण सहा मतदारसंघांतून प्रत्येकी दोन सदस्य निवडून येत असत. काँग्रेसला ३९ आणि जनसंघाला ५ जागा मिळाल्या. चौधरी ब्रह्मप्रकाश १७ मार्च १९५२ रोजी मुख्यमंत्री झाले, तेव्हा ते अजून तिशीतच होते. १९५५ मध्ये त्यांच्या जागी गुरुमुख निहाल सिंग आले. त्याआधी ते याच सभागृहाचे अध्यक्ष होते.

त्या विधानसभेचेही अधिकार अपुरेच होते. सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस, महापालिका, पाणी-वीज आणि जमिनीचे काही विषय तेव्हाही तिच्या कक्षेबाहेर होते आणि मुख्य आयुक्ताशी खटके उडत होते. आजच्या वादांना नवे म्हणणाऱ्यांनी तो काळ वाचावा.

५. मग ती विधानसभा बंद का केली? आणि त्याचा मराठवाड्याशी संबंध आहे असे ऐकले, ते कसे?

फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात असे मत दिले की देशाच्या राजधानीवर केंद्र सरकारचाच ताबा असावा, तिथे दुहेरी सत्ता नसावी आणि स्थानिक कारभारासाठी नागरिकांना महापालिका द्यावी. त्यानुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी दिल्लीची विधानसभा संपुष्टात आली आणि दिल्ली केंद्रशासित प्रदेश झाली.

तारीख ओळखीची वाटत असेल, तर ते साहजिक आहे. हैदराबाद राज्य मोडून मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले तो हाच दिवस, आणि दोन्ही बदल घडवणारा कायदाही एकच : राज्य पुनर्रचना कायदा, १९५६. हैदराबादच्या १७५ सदस्यांच्या विधानसभेत आपल्या विभागाचे जे प्रतिनिधी बसत होते, त्यांच्या वाट्याला मुंबईचे सभागृह आले. दिल्लीच्या ४८ जणांना मात्र कोणतेच सभागृह उरले नाही. आपल्याकडे या तारखेची आठवण मराठी मुलुखाच्या एकीकरणाकडे पडलेले पाऊल म्हणून काढली जाते. दिल्लीकरांच्या लेखी ती हातचे सभागृह गेल्याची तारीख आहे, हे त्याच कायद्याचे दुसरे अंग मराठवाड्यातल्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवायला हवे.

६. १९५६ ते १९९३ या सदतीस वर्षांत दिल्लीत लोकप्रतिनिधी नव्हतेच का?

होते, पण कायदे करण्याचा अधिकार असलेले नव्हते. संसदेच्या १९५७ च्या कायद्याने १९५८ मध्ये दिल्ली महापालिका स्थापन झाली. लोकांचे तेवढ्याने समाधान झाले नाही, तेव्हा १९६६ च्या दिल्ली प्रशासन कायद्याने महानगर परिषद आली. तिचे ५६ सदस्य निवडून येत आणि पाच नेमलेले असत. मंत्र्यांऐवजी कार्यकारी पार्षद होते आणि त्यांच्या प्रमुखाला मुख्य कार्यकारी पार्षद म्हणत. १९६७ च्या निवडणुकीनंतर विजयकुमार मल्होत्रा त्या पदावर आले, तर लालकृष्ण अडवाणी परिषदेचे अध्यक्ष झाले.

परिषद चर्चा करी, शिफारशी करी, अंदाजपत्रकावर मत देई. निर्णय नायब राज्यपाल आणि केंद्र सरकार घेत. रूप विधानसभेचे आणि बळ सल्लागार समितीचे, असा हा मामला जानेवारी १९९० पर्यंत चालला.

७. १९९१ ची घटनादुरुस्ती कोणी आणली? तिच्यात मराठवाड्यातील नेत्यांचा वाटा होता का?

दिल्लीच्या कारभाराची फेरतपासणी करण्यासाठी १९८७ मध्ये न्या. सरकारिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे तिची सूत्रे एस. बालकृष्णन यांच्याकडे आली आणि डिसेंबर १९८९ मध्ये तिचा अहवाल सादर झाला. दिल्ली केंद्रशासितच राहावी, मात्र तिला विधानसभा आणि त्या विधानसभेला जबाबदार मंत्रिमंडळ द्यावे, आणि ही व्यवस्था साध्या कायद्यात न ठेवता राज्यघटनेत घालावी, अशी तिची शिफारस होती. १९५६ मध्ये एका साध्या कायद्याने सभागृह गेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व कळते.

पी. व्ही. नरसिंह राव यांच्या सरकारने डिसेंबर १९९१ मध्ये ही दुरुस्ती संसदेत मंजूर करून घेतली. तेव्हा केंद्रीय गृहमंत्री नांदेडचे शंकरराव चव्हाण होते आणि लोकसभेच्या अध्यक्षपदी लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर होते. विषय गृह खात्याचा असल्याने दिल्लीच्या आजच्या विधानसभेच्या जन्माशी मराठवाड्याचे नाव जोडले गेले आहे. आपल्याकडच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत याचा उल्लेख क्वचितच सापडतो. दुरुस्ती १ फेब्रुवारी १९९२ पासून अमलात आली.

८. २०२५ च्या विधानसभेला ‘आठवी’ का म्हणतात? १९५२ ची मोजली तर नववी नको का?

क्रमांक १९९३ पासून मोजले जातात, कारण आजची विधानसभा २३९ एए या नव्या पायावर उभी आहे. नोव्हेंबर १९९३ च्या पहिल्या निवडणुकीत भाजपला ४९ जागा मिळाल्या आणि मदनलाल खुराना मुख्यमंत्री झाले. पाच वर्षांत साहिबसिंग वर्मा आणि सुषमा स्वराज धरून तीन मुख्यमंत्री झाले. १९९८ ते २०१३ अशी सलग पंधरा वर्षे शीला दीक्षित यांची होती. २०१३ मध्ये कोणालाच बहुमत मिळाले नाही. २०१५ मध्ये आम आदमी पक्षाने सत्तरपैकी ६७ आणि २०२० मध्ये ६२ जागा जिंकल्या, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये भाजप ४८ जागांसह परतला व रेखा गुप्ता मुख्यमंत्री झाल्या.

९. राज्यपाल आणि नायब राज्यपाल यांत नेमका फरक काय? निवडून आलेल्या सरकारला ते अडवू शकतात का?

सर्वाधिक पत्रे याच प्रश्नाची येतात, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

राज्यपाल अपवाद सोडले तर मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. विधानसभेच्या कक्षेतील विषयांत दिल्लीचे नायब राज्यपालही तसेच वागतात. परंतु २३९ एए मध्ये एक जादा वाट ठेवलेली आहे. मंत्रिमंडळाशी मतभेद झाला तर नायब राज्यपाल तो विषय राष्ट्रपतींकडे, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारकडे, पाठवू शकतात, आणि निर्णय येईपर्यंत तातडीच्या बाबतीत स्वतः आदेश देऊ शकतात. या एका वाटेवरून किती वेळा जावे, यावर अनेक वर्षे भांडण झाले.

४ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की प्रश्न ३ मधील तीन विषय वगळता नायब राज्यपालांवर मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक आहे आणि प्रत्येक मतभेद राष्ट्रपतींकडे पाठवणे अपेक्षित नाही. २०२१ मध्ये संसदेने कायदा बदलून, विधानसभेच्या कायद्यांतील ‘सरकार’ म्हणजे नायब राज्यपाल, असे ठरवले. त्याच दुरुस्तीने विधानसभेच्या समित्यांना दैनंदिन प्रशासनाची चौकशी करण्यास मज्जाव केला. पुढे ११ मे २०२३ रोजी दुसऱ्या घटनापीठाने, अधिकाऱ्यांच्या बदल्या व नेमणुका या विषयावर, तीन वगळलेली क्षेत्रे सोडून, दिल्ली सरकारचा अधिकार मान्य केला. आठवडा उलटतो न उलटतो तोच १९ मे रोजी केंद्राने अध्यादेश काढला आणि ऑगस्टमध्ये संसदेने त्याचा कायदा केला. त्यानुसार बदल्यांची शिफारस मुख्यमंत्री, मुख्य सचिव आणि गृह खात्याचे प्रधान सचिव अशा तिघांचे प्राधिकरण बहुमताने करते. मुख्यमंत्री अध्यक्षस्थानी असले तरी दोन अधिकारी मिळून त्यांचे मत बाजूला सारू शकतात, आणि अंतिम निर्णय नायब राज्यपालांचा असतो.

तेव्हा अडवू शकतात का, याचे प्रामाणिक उत्तर ‘होय, आणि २०२१ व २०२३ नंतर पूर्वीपेक्षा अधिक सहज’ असे आहे. दिल्लीत आणि केंद्रात एकाच पक्षाचे सरकार असले की हा वाद कानावर येत नाही. त्यावरून अधिकार वाढले असा समज करून घेऊ नये.

१०. दिल्लीच्या विधानसभेने केलेला कायदा संसद रद्द करू शकते का?

करू शकते. महाराष्ट्राच्या बाबतीत राज्यसूचीतील विषयावर संसदेला काही विशिष्ट परिस्थितीतच कायदा करता येतो. दिल्लीच्या बाबतीत संसद कोणत्याही विषयावर, अगदी विधानसभेला दिलेल्या विषयावरही, कायदा करू शकते आणि विधानसभेचा कायदा बदलू किंवा रद्द करू शकते. विधानसभेने संमत केलेल्या विधेयकाला नायब राज्यपाल संमती देतात, नाकारतात किंवा ते राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. खर्चाशी निगडित विधेयक मांडण्यासाठी त्यांची शिफारस आधी लागते. फेब्रुवारी २०१४ मध्ये जनलोकपाल विधेयक अशाच पूर्वसंमतीच्या वादात अडकले आणि सभागृहाने ते मांडण्यासच ४२ विरुद्ध २७ मतांनी नकार दिला. त्यावरून केजरीवाल यांनी राजीनामा दिला आणि त्यांचे पहिले सरकार गेले.

११. तिथे राष्ट्रपती राजवट कलम ३५६ नुसार लागते का?

नाही. दिल्लीसाठी कलम २३९ एबी आहे. २०१४ मध्ये प्रश्न १० मधील राजीनाम्यानंतर त्याच कलमाखाली राष्ट्रपती राजवट आली आणि ती फेब्रुवारी २०१५ मध्ये नवे सरकार येईपर्यंत टिकली.

१२. दिल्लीचे आमदार राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मत देतात का?

देतात, पण त्यासाठी १९९२ ची ७० वी घटनादुरुस्ती करावी लागली, कारण मूळ कलम ५४ मध्ये फक्त राज्यांच्या विधानसभांचा उल्लेख होता. आमदाराच्या मताचे मूल्य १९७१ च्या लोकसंख्येवरून ठरते. दिल्लीच्या आमदाराचे मूल्य ५८ आणि महाराष्ट्राच्या आमदाराचे १७५ आहे. हिशेब केला तर मराठवाड्याच्या ४६ आमदारांचे मिळून ८,०५० होतात आणि दिल्लीच्या सत्तरांचे ४,०६०. प्रश्न २ मधील चोवीस जादा आमदारांचे येथे काही चालत नाही. राज्यसभेवरील दिल्लीचे तीन सदस्यही हेच आमदार निवडतात.

१३. दिल्ली महापालिका विधानसभेच्या हाताखाली येते का?

छत्रपती संभाजीनगर किंवा परभणीची महापालिका राज्याच्या कायद्याने चालते, तशी दिल्लीची चालत नाही. तिचा कायदा संसदेचा आहे. २०१२ मध्ये तिचे तीन तुकडे झाले होते. २०२२ मध्ये संसदेने ते पुन्हा एकत्र केले आणि प्रभागांची संख्या २७२ वरून २५० वर आणली. विधानसभेचे अध्यक्ष १४ आमदारांना महापालिकेवर पाठवतात. तज्ज्ञ म्हणून दहा सदस्य नेमण्याचा अधिकार नायब राज्यपालांचा असून त्यासाठी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले.

शिवाय संसद भवन, मंत्रालये आणि दूतावास असलेला भाग महापालिकेत नाहीच. तो नवी दिल्ली नगरपरिषदेकडे आहे आणि तिचे अध्यक्ष निवडून येत नाहीत, नेमले जातात. लष्करी छावणीचा भाग छावणी मंडळाकडे आहे.

१४. आपल्या राज्यपालांकडेही कलम ३७१(२) नुसार मराठवाड्याची विशेष जबाबदारी आहे. मग ती नायब राज्यपालांच्या अधिकारासारखीच नाही का?

वरवर सारखी वाटते, पण नाही. ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळे व निधीचे समन्यायी वाटप यांची तरतूद आहे. ती मंडळे १९९४ मध्ये आली आणि त्यांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. ही जबाबदारी ठरावीक विषयांपुरती आहे. तिने राज्याच्या विधानसभेचा कोणताही विषय काढून घेतलेला नाही. दिल्लीत विषयच वगळलेले आहेत.

१५. पुद्दुचेरी आणि जम्मू-काश्मीरची विधानसभा दिल्लीसारखीच आहे का?

पूर्णपणे नाही. पुद्दुचेरीत ३० निवडून आलेले आणि केंद्राने नेमलेले तीनपर्यंत सदस्य असतात. दिल्लीत नेमलेला आमदार एकही नाही. पुद्दुचेरीची विधानसभा संसदेच्या १९६३ च्या कायद्याने आली, दिल्लीची थेट राज्यघटनेने. जम्मू-काश्मीरमध्ये ९० जागा निवडणुकीच्या असून तिथे पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था वगळलेली आहे, जमीन वगळलेली नाही.

१६. विधानसभा बसते ती इमारत कोणती?

उत्तर दिल्लीतील जुने सचिवालय, १९१२ मध्ये बांधलेले. संसद भवन १९२७ मध्ये वापरात येण्यापूर्वी देशाचे केंद्रीय कायदेमंडळ येथेच भरत असे आणि १९२५ मध्ये विठ्ठलभाई पटेल त्याचे पहिले निवडून आलेले भारतीय अध्यक्ष झाले.

१७. मी मूळचा बीड जिल्ह्याचा, नोकरीसाठी दिल्लीत राहतो. मला तिथे मतदान करता येईल का?

येईल. मतदार यादीत नाव येण्यासाठी त्या मतदारसंघातील सर्वसाधारण रहिवास पाहिला जातो, जन्मगाव नव्हे. मात्र एका वेळी एकाच ठिकाणी नाव ठेवता येते, त्यामुळे गावाकडचे नाव वगळावे लागेल. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसाठी गावचे नाव ‘असू द्या’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. तसे करणे कायद्याने गुन्हा ठरू शकते.

१८. दिल्लीला पूर्ण राज्याचा दर्जा कधी मिळणार?

हा प्रश्न राजकीय निर्णयाचा आहे, म्हणून तारीख सांगता येणार नाही. सर्वांत जवळ गोष्ट आली ती ऑगस्ट २००३ मध्ये. तेव्हाचे उपपंतप्रधान अडवाणी यांनी, म्हणजे एके काळच्या महानगर परिषदेच्या अध्यक्षांनीच, दिल्ली राज्याचे विधेयक लोकसभेत मांडले होते. ते संसदेच्या स्थायी समितीकडे गेले आणि २००४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्याने बाद झाले. भाजप, काँग्रेस आणि आप या तिन्ही पक्षांनी कधी ना कधी पूर्ण राज्याची मागणी केली आहे. केंद्रात सत्ता असताना ती तडीस नेण्याइतका उत्साह मात्र कोणी दाखवला नाही.

१९. एकवीस आमदारांना संसदीय सचिव केल्याचे प्रकरण काय होते? त्यांची आमदारकी गेली का?

मार्च २०१५ मध्ये आप सरकारने २१ आमदारांना संसदीय सचिव, म्हणजे मंत्र्यांना कामात मदत करणारे, नेमले. सातच मंत्र्यांच्या मर्यादेतून (प्रश्न २) काढलेली ही पळवाट होती, असा टीकाकारांचा आक्षेप होता. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये नेमणुका रद्द ठरवल्या, कारण नायब राज्यपालांची मान्यता घेतली नव्हती. त्यानंतर लाभाच्या पदाचा, म्हणजे आमदाराने सरकारी लाभाचे पद घेतल्याचा, प्रश्न उभा राहिला आणि जानेवारी २०१८ मध्ये निवडणूक आयोगाच्या शिफारशीवरून वीस जण अपात्र ठरले. एकाने आधीच राजीनामा दिला होता. मार्च २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने अपात्रतेचा आदेश रद्द केला, पण तो आमदारांचे म्हणणे नीट ऐकून घेतले गेले नाही या कारणासाठी, आणि प्रकरण फेरसुनावणीसाठी आयोगाकडे परत पाठवले. म्हणून ‘नेमणुका वैध ठरल्या’ हे परीक्षेत लिहिलेले उत्तर चुकीचे आहे : नेमणुका रद्दच झाल्या, अपात्रता मात्र टिकली नाही.